भोक आभाळात, वाद घरात

पत्राचा सारांश: एक वाचक गेली काही वर्षं नवरा आणि सात वर्षांच्या मुलीसह मेलबर्नच्या पश्चिम उपनगरात राहते. सासू-सासरे पुण्यात असतात. सासरे 71 वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले, दम्याचे जुने रुग्ण. व्हॉट्सअॅपवर आलेले मेसेज ते रोज पुढे पाठवतात: हवामानबदलामुळे ओझोनचं भोक वाढत चाललंय, ते नेमकं ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर आहे, तिथं त्वचेचा कॅन्सर जगात सर्वात जास्त आहे. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर एकच घोषा, "नातीला घेऊन परत या." नवरा म्हणतो, आपली कातडी सावळी, आपल्याला काही होत नाही, सनस्क्रीन म्हणजे गोऱ्यांचे चोचले. सासूबाई म्हणतात, पोर काळी पडली. शाळा टोपीशिवाय मैदानावर सोडत नाही आणि डॉक्टर म्हणतात, मुलीचं ड जीवनसत्त्व कमी आहे. सप्टेंबर लागला की तिला शिंका सुरू होतात, एरवी ती ठणठणीत. पीआर (तिथं कायम राहण्याचा परवाना) मिळालंय. घरासाठी कर्ज काढायचं की पुण्याला परतायचं, हे वर्षअखेरपर्यंत ठरवायचंय. नोव्हेंबरात सासू-सासरे दोन महिने येणार आहेत. तिचा प्रश्न: "आम्ही हट्टानं इथं राहून मुलीच्या तब्येतीशी खेळतोय का?"

---

आधी तुमच्या सासऱ्यांची बाजू घेते, कारण तुमच्या पत्रात ती घेणारं कुणी दिसलं नाही. त्वचेच्या कॅन्सरचं प्रमाण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये जगात सर्वात जास्त आहे, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. सत्तरी गाठेपर्यंत तिथल्या दर तिघांपैकी दोघांना त्या कॅन्सरचा कुठला ना कुठला प्रकार झालेला असतो. चूक आहे ती कारणात. ब्रिटन-आयर्लंडच्या ढगाळ हवेत पिढ्या काढलेली माणसं सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका भर उन्हाच्या देशात येऊन राहिली, आणि नंतरच्या पिढ्यांना समुद्रकिनारी अंग भाजून घ्यायची हौस लागली. अंगात शर्ट घाला, मलम लावा, डोक्यावर टोपी घाला, असं सांगणारी 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' ही मोहीम तुमच्याच व्हिक्टोरिया राज्यात 1981 साली सुरू झाली. ओझोनचं भोक जगाला कळलं 1985 मध्ये, अंटार्क्टिकावरच्या हॅली बे इथल्या ब्रिटिश तळावर वर्षानुवर्षं मोजमाप करणाऱ्या फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांच्या शोधनिबंधातून. म्हणजे टोपीचा सल्ला भोकाच्या बातमीपेक्षा जुना आहे.

आता ते भोक असतं कुठे? अंटार्क्टिकावर. ऑगस्टच्या उत्तरार्धात उघडायला लागतं, सप्टेंबर-ऑक्टोबरात सर्वात मोठं असतं आणि डिसेंबरापर्यंत बुजतं. शिवाय ते आरपार भोक नव्हे. वातावरणातला सगळा ओझोन जमिनीवर आणून दाबला तर त्याची जाडी जेमतेम 3 मिलिमीटर भरेल. शास्त्रज्ञ त्याला 300 डॉब्सन म्हणतात. हा आकडा 220 च्या खाली गेला की त्या भागाला भोक म्हणायचं. मेलबर्न आहे 38 अंश दक्षिणेला, त्या भागापासून बरंच दूर. हां, एक आहे. भोक फुटतं तेव्हा ओझोन कमी असलेली हवा कधीकधी दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडवरून सरकते आणि काही दिवस तिथले अतिनील किरण नेहमीपेक्षा वाढतात. त्यामुळे भोक डोक्यावर नाही, पण त्याची झळ अजिबात लागत नाही असंही नाही.

मला खरं तर तुम्हा सगळ्यांनाच विचारायचंय, पुण्यात ऊन सौम्य असतं हे ठरवलं कुणी? पुण्यात मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैअखेर सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. आणि विषुववृत्ताच्या आसपासच्या पट्ट्यात ओझोनचा थर मुळातच पातळ असतो. ओझोन तयार होतो मुख्यतः याच पट्ट्याच्या वर, पण उंचावरचे वारे तो ध्रुवांकडे वाहून नेतात. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, 11 च्या वर जातो, मोजपट्टीच्या सर्वात वरच्या पायरीवर. मेलबर्नचा भर उन्हाळ्यातला आकडाही तिथंच पोचतो. तिथं हवा स्वच्छ असते आणि जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते. फरक असा की मेलबर्नचा हिवाळा किरणांच्या बाबतीत खरोखर मवाळ असतो आणि पुण्याला तशी सुट्टी मिळत नाही. अतिनील किरणांच्या भीतीनं मेलबर्न सोडून पुण्याला यायचं, हा हिशेब काही जुळत नाही.

(सासऱ्यांना हे जरूर सांगा, पुणेकर म्हणून आवडेल. फुग्याला बांधून आभाळात सोडायचं ओझोनमापक उपकरण भारतात बनवण्याचं काम हवामान खात्याच्या ॲना मणी यांनी साठच्या दशकात केलं. पुण्याहून असे फुगे पुढे कित्येक वर्षं सोडले गेले.)

"हवामानबदलामुळे भोक वाढतंय" या वाक्याकडे जरा सावकाश बघू, कारण त्यात अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं सर्वात जास्त फॉरवर्ड होतं. भोक पाडलं ते फ्रिज, एसी आणि स्प्रेच्या डब्यांतल्या क्लोरीनयुक्त वायूंनी. मोलिना आणि रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी 1974 मध्येच हा इशारा दिला होता. 16 सप्टेंबर 1987 ला हे वायू बंद करण्यासाठी मॉन्ट्रियल करार झाला, पुढे जगातला प्रत्येक देश त्यात आला, भारत 1992 मध्ये. वायू बंद होत गेले आणि थर भरून येऊ लागला. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं झालेल्या 2022 च्या आढाव्यानुसार 1980 ची पातळी अंटार्क्टिकावर सुमारे 2066 मध्ये, आर्क्टिकवर 2045 मध्ये आणि उरलेल्या जगावर 2040 च्या सुमारास परत येईल. तुमची लेक नोकरीला लागायच्या वयात असेल तेव्हा तिच्या डोक्यावरचा थर तिच्या आजीच्या तरुणपणी होता तसा असेल, असा आजचा अंदाज आहे. एखाद्या वर्षी भोक मोठं दिसतं, दुसऱ्या वर्षी लहान. 2019 मध्ये ते फार लहान होतं, लगेच 2020 मध्ये मोठं आणि जास्त दिवस टिकलेलं. एका वर्षाच्या फोटोवरून काही ठरत नाही.

मग हवामानबदलाचा संबंध कुठे येतो? कार्बन डायऑक्साइड जमिनीलगतची हवा तापवतो, पण 20-30 किलोमीटर उंचीवरची हवा मात्र थंड करतो. या गारव्याचे दोन उलटे परिणाम होतात. बहुतेक ठिकाणी थंडीत ओझोन मोडणाऱ्या रासायनिक क्रिया मंदावतात, म्हणजे थर लवकर भरतो. पण ध्रुवांवर कडाक्याच्या थंडीत खास प्रकारचे ढग तयार होतात आणि त्यांच्या कणांवर क्लोरीन पुन्हा जागा होतो; 2011 आणि 2020 च्या वसंतात आर्क्टिकवर ओझोन बराच घटला तो अशाच थंड हिवाळ्यांनंतर. शिवाय तापलेल्या पृथ्वीवर ओझोन ध्रुवांकडे नेणारे ते उंचावरचे वारेही जोर धरतात, असं संगणकी प्रारूपं सांगतात. ते विषुववृत्ताकडचा ओझोन आणखी वेगानं बाहेर नेतील. परिणामी मेलबर्नसारख्या मधल्या अक्षांशांवरचा थर पूर्वीपेक्षा किंचित जाड आणि भारतासारख्या प्रदेशावरचा किंचित पातळ राहण्याची शक्यता आहे. हवामानबदलाच्या नावानं कुणाला हलायचंच असेल, तर ओझोनचा कौल पुण्याच्या बाजूनं पडत नाही!

दोन गोष्टी मात्र मला खरोखर खटकतात. एक, धूर. 2019-20 च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियात जे वणवे पेटले, त्यांचा धूर थेट ओझोनच्या थरात पोचला. शास्त्रज्ञ सुसान सोलोमन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार त्या धुरानं 2020 मध्ये दक्षिण गोलार्धाच्या मधल्या अक्षांशांवरचा 3 ते 5 टक्के ओझोन तात्पुरता घटवला. हवामानबदलामुळे असे वणवे वाढले तर थराच्या दुरुस्तीत मध्येच खीळ बसत राहील. दुसरी, नायट्रस ऑक्साइड. शेतात ओतलेल्या नत्रखतातून तो मोठ्या प्रमाणावर सुटतो, पृथ्वी तापवतो आणि वर जाऊन ओझोनही मोडतो. आजच्या घडीला ओझोनला सर्वात घातक ठरणारं उत्सर्जन हेच आहे, असं शास्त्रज्ञ रविशंकरा आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं. मॉन्ट्रियल करारात हा वायू नाही. युरियाच्या गोणीला हात घालायला सरकारं सहसा धजत नाहीत, आपलं तर नाहीच.

आता मुलीकडे येते. नवरोबांचं म्हणणं पूर्ण चूक नाही. त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य थोडंफार संरक्षण देतं आणि आपल्यासारख्या वर्णाच्या लोकांत त्वचेचा कॅन्सर खूपच कमी आढळतो. पण डोळ्यांना सावळा रंग वाचवत नाही. मोतीबिंदूला हातभार लावणारे किरण गोऱ्या-काळ्याचा भेद करत नाहीत. म्हणून शाळेची टोपी रुंद काठाची असू द्या आणि ती हवीच. सनस्क्रीनवरून मात्र घरात महाभारत नको. तिथल्या आरोग्यसंस्थांनी 2024 मध्ये काढलेल्या सल्ल्यात लोकांचे त्वचेच्या रंगानुसार तीन गट केले आहेत, कारण गोऱ्यांसाठी घालून दिलेला नियम गडद त्वचेला लावला की ड जीवनसत्त्व कमी पडतं हे त्यांच्याही लक्षात आलं. गव्हाळ-सावळ्या मुलीसाठी माझं मत असं: पोहणं, क्रीडादिन, समुद्रकिनारा, दिवसभराची सहल, अशा वेळी सनस्क्रीन लावा, एरवी टोपी, बाह्यांचा शर्ट आणि सावली बहुतेक काम करतात. व्हिक्टोरियात ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत काळजी घ्यायला सांगतात, म्हणजे यूव्ही इंडेक्स 3 किंवा जास्त असेल तेव्हा. मे ते ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत तिला भर दुपारी खुशाल उघड्या डोक्यानं खेळू द्या. तेवढ्यानं ड जीवनसत्त्वाची तूट भरून निघाली नाही तर जीपींनी (तिथल्या फॅमिली डॉक्टरांनी) दिलेले थेंब किंवा गोळ्या घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि हवेवरून ऊन ठरवू नका. नोव्हेंबरातल्या गार, वाऱ्याच्या दिवशी जाकीट घालावंसं वाटतं आणि इंडेक्स 9 असतो. उकाडा आणि अतिनील किरण ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. उन्हापासून बचावाची मोहीम चालवणाऱ्या सनस्मार्टच्या ॲपवर रोजचा आकडा मिळतो, तो बघायचं काम मुलीलाच द्या.

मोठ्यांसाठी एक सूचना: सावळ्या त्वचेत मेलॅनोमा (त्वचेच्या कॅन्सरचा एक घातक प्रकार) झालाच तर तो तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली निघण्याची शक्यता जास्त असते. तिथं कुणी बघत नाही, म्हणून उशिरा सापडतो. नखाखाली नवी काळी रेघ किंवा तळव्यावर वाढता डाग दिसला तर डॉक्टरांना दाखवा.

"काळी पडली" याला औषध नाही, कारण तो आजार नाही. मैदानावर खेळणारी मुलगी रापते. सासूबाईंनी सुटकेसमधून गोरेपणाचं क्रीम आणलंच, तर गोड बोलून परत पाठवा.

तुमच्या पत्रातलं सर्वात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: सप्टेंबर लागला की तिला शिंका सुरू होतात. ओझोनपेक्षा मला त्याची काळजी जास्त वाटते. 21 नोव्हेंबर 2016 च्या संध्याकाळी मेलबर्नवर पश्चिमेकडून वादळ आलं. रायग्रास नावाच्या गवताचे परागकण ओल्या हवेत फुटून त्यांचे बारीक कण झाले, ते थेट फुप्फुसात गेले, आणि एका रात्रीत हजारो लोक श्वास घेता येईना म्हणून हॉस्पिटलांत पोचले. दहा जण दगावले. कित्येकांना आधी कधी दमा नव्हता, फक्त शिंका येत होत्या, नाक वाहत होतं. आणि बाधितांत भारतीय आणि इतर आशियाई वंशाच्या लोकांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येच्या मानानं बराच जास्त निघाला. हवामानबदलाचा हात इथं जास्त जवळून लागतो: उत्तर अमेरिकेत परागकणांचा हंगाम 1990 ते 2018 या काळात सुमारे 20 दिवसांनी लांबल्याचं मोजलं गेलंय. म्हणून ऑगस्टमध्येच मुलीला जीपींकडे न्या, या शिंका परागकणांच्या आहेत का, दम्याची तपासणी हवी का, हे स्पष्ट विचारा. 1 ऑक्टोबर ते 31 डिसेंबर या काळात राज्याच्या आपत्तीसूचनांच्या व्हिकइमर्जन्सी ॲपवर अशा वादळी दम्याचा अंदाज येतो. धोका जास्त असल्याचा इशारा असेल त्या दिवशी वादळाआधीचा वारा सुटला की खिडक्या बंद करून घरात थांबायचं. वणव्याचा धूर असेल तेव्हाही हेच करायचं.

यातून सासऱ्यांवर येते, कारण ओझोनचा खरा त्रास तुमच्या घरात बहुधा त्यांनाच होत असेल. वर संरक्षण देणारा ओझोन जमिनीलगत विष असतो. गाड्यांच्या धुरातले आणि इतर वायू यांच्यात उन्हामुळे रासायनिक क्रिया झाली की तो तयार होतो, दुपारी सर्वात जास्त. उष्णतेची लाट आली की आणखी. श्वासनलिका सुजवतो, दमेकऱ्यांना आधी गाठतो. 'स्टेट ऑफ ग्लोबल एअर' या 2024 च्या अहवालात 2021 साली जगात या ओझोनशी निगडित सुमारे 4 लाख 90 हजार मृत्यू दाखवलेत, त्यातले जवळपास निम्मे भारतात. वरचं भोक बुजवायला जग एकत्र आलं. या खालच्या ओझोनवर आपल्याकडे अजून धड बोलणंही होत नाही. मास्क यावर चालत नाही, कारण तो कण अडवतो, वायू नाही. मार्च ते मे या काळात त्यांनी बँकेची, बाजाराची कामं सकाळी दहाच्या आत उरकावीत, दुपारी बाहेर पडू नये, आणि धाप लागली तर "उन्हानं झालं" म्हणून सोडून न देता डॉक्टरांना सांगावं.

ओझोनसाठी त्यांना काही करायचंच असेल तर घरातला जुना एसी बघायला सांगा. त्यात आर-22 गॅस असेल तर तो ओझोनही खातो आणि कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,800 पट तापही वाढवतो. मेकॅनिक दरवर्षी "गॅस कमी झालाय, भरून देतो" म्हणतो. एसीतला गॅस वापरून संपत नसतो. कमी झाला म्हणजे गळतोय. आधी गळती काढून घ्यायची, मग गॅस भरायचा. तुम्हीही नव्या घरात एसी बसवाल तेव्हा कमी ताप वाढवणारा गॅस असलेला मागा आणि जुना काढताना परवानाधारक माणसाकडून गॅस परत काढून घ्या. आर-22 सारख्यांच्या जागी आलेले, ओझोन न मोडणारे पण पृथ्वी तापवणारे गॅसही 2016 च्या किगाली दुरुस्तीनं मॉन्ट्रियल करारात आले. ती नीट पाळली तर शतकअखेर जवळपास अर्धा अंश तापमानवाढ टळेल, असा अंदाज आहे.

राहता राहिला परतण्याचा प्रश्न. माझा अंदाज असा की सासरे ओझोनबद्दल बोलतच नाहीयेत. एकाहत्तर वर्षांचा, धाप लागणारा माणूस "मला तुमची गरज आहे" असं मुलाला थेट म्हणत नाही. नातीच्या काळजीचं म्हणतो, कारण त्यावर कुणी रागावत नाही. तुम्ही त्याला विज्ञानानं उत्तर दिलंत तर पुढच्या रविवारी दुसरा मेसेज येईल. म्हणून कर्ज की पुणे, हे अतिनील किरणांच्या खात्यात टाकू नका. नवऱ्याला बसवा आणि सरळ विचारा: आई-बाबांना वर्षातून किती दिवस आपण लागतो, रात्री-अपरात्री पुण्यात त्यांना कोण नेईल हॉस्पिटलात, आपण नसताना ती सोय विकत घेता येते का, व्हिसावर ते किती महिने इथं राहू शकतात. त्याची उत्तरं पुण्याच्या बाजूनं पडली तर खुशाल परता. पण मग नातीच्या कॅन्सरचं निमित्त नको. परतल्यावर तिच्यामुळे सगळं सोडावं लागलं, असा हिशेब पुढे तिच्या माथी बसतो.

आणि एक तातडीचं. सासू-सासरे नोव्हेंबरात येणार म्हणताय. म्हणजे दम्याचा जुना रुग्ण नेमका वादळी दम्याच्या हंगामात तुमच्याकडे उतरणार. तिकिटं काढली नसतील तर मार्च-एप्रिलची काढा. तेव्हा मेलबर्नची हवा बरी असते आणि पुण्याचा दुपारचा ओझोनही त्यांना चुकेल. काढली असतील तर निघायच्या महिनाभर आधी त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे पाठवा, रोज घ्यायचा आणि धाप लागल्यावर घ्यायचा असे दोन्ही पंप पुरेसे बरोबर आणायला सांगा, प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत घ्या, पंप हातातल्या बॅगेत ठेवायला लावा. प्रवासविमा घेताना दमा लपवू नका, हप्ता वाढला तरी चालेल. लपवलेल्या आजाराचं बिल विमा कंपनी देत नाही.